कथलावरची एकाहत्तर माणसं

ब्युनोस आयर्समध्ये असे तेवीस बार आहेत, जिथे एकच गायक आपलं शेवटचं गाणं गायला. हा आकडा माझ्या वहीतला आहे आणि तो कमीच असेल, जास्त नाही. एका माणसाने एकाच रात्री तेवीस ठिकाणी शेवटचं गायचं म्हणजे घसाही लोखंडाचा हवा आणि टॅक्सीही.

माझं काम असं: शहरातल्या जुन्या बारना पितळी पाटी द्यायची की नाही हे ठरवणारी एक समिती आहे. समिती जायच्या आधी मी जातो. गिऱ्हाईक म्हणून बसतो, कॉफी पितो, बघतो, कुणाला काही सांगत नाही. पाटी तळहाताएवढीच असते, पण ती लागली की जागेचा तळमजला कुणाला पाडता येत नाही. त्यामुळे लोक पाटीसाठी काय वाटेल ते सांगतात. अर्जाला रकाने असतात: फरशी, काउंटर, खिडक्या, खुर्च्या. थापांना रकाना नसतो, म्हणून मी स्वतःची निळी वही ठेवली. गायकाच्या थापा तेवीस. आंधळ्या लेखकाची लाडकी खुर्ची अकरा ठिकाणी, त्यातल्या दोन खुर्च्या प्लास्टिकच्या. एका बारमालकाने तर मला संगमरवरी टेबलावरचा डाग दाखवून सांगितलं, की हे एका राष्ट्राध्यक्षाचे अश्रू आहेत. मी बोट लावून चाखलं. लिंबू होतं.

अठरा वर्षांत एकही थाप न मारणारा बार मला एकच भेटला. तो होता बार्राकासमधला ‘ला तोर्कासा’. त्याची वाट मी लावली.

पहिल्यांदा गेलो तो जुलैतला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातला, मंगळवार होता. दुपारचे चार, आणि नदीकडून येणारी ती ओल, जी कोटाच्या आत शिरते आणि भाडेकरूसारखी बसून राहते. आत पाच टेबलं, काउंटर, एक रॉकेलचा हीटर आणि तिघंजण. मी खिडकीशी बसलो आणि लांबूनच अंगठा आणि तर्जनी यांच्यात दोन इंचांचं अंतर दाखवलं. म्हणजे लहान कॉफी, थोडं दूध घालून. म्हाताऱ्या वेटरने नुसती पापणी हलवली. चांगल्या वेटरची ही पहिली खूण. वाईट वेटर टेबलापाशी येऊन विचारतो.

कॉफी आली, बरोबर सोड्याचा छोटा ग्लास आणि दोन बिस्किटं. मी माझा नेहमीचा सापळा लावला.

“मास्तर, इथे कुणी मोठं माणूस बसायचं का हो पूर्वी?”

वेटरने जरा विचार केला. नाव निकासिओ, वय सत्तरीच्या पुढे, पांढरा कोट कोपरांवर विरलेला. “मोठं म्हणजे? लांबीला?”

“नावाला.”

“थांबा, मालकिणीला विचारतो.” आणि काउंटरकडे वळून ओरडला, “डोन्या देल्फिना! हे गृहस्थ विचारतायत, आपल्याकडे कुणी नावाजलेलं यायचं का?”

काउंटरमागे देल्फिना ओतेरो ग्लास पुसत होती. अडुसष्ट वर्षांची, बारीक, गळ्यापर्यंत बटणं लावलेला स्वेटर. तिने वर न बघता उत्तर दिलं, “नाही. आमच्याकडे कातडी कमावणारे यायचे. त्यांच्या वासाने नावाजलेले पळायचे.”

काउंटरच्या टोकाशी उभा असलेला एक जाडजूड माणूस खो खो हसला. “आणि मी? मी नावाजलेला नाही?”

“तू बदनाम आहेस, तानो. ते वेगळं.”

तानो म्हणजे आतीलियो ब्रुनेती. इथे इटालियनाच्या पोराला सगळे तानोच म्हणतात, मग तो कितीही म्हातारा होवो. हा सुतार होता, आता निवृत्त, आणि चाळीस वर्षं रोज त्याच कोपऱ्यात उभा.

“ह्यानेच आमचं संडासाचं दार बसवलं,” निकासिओ मला हळूच म्हणाला, पण तानोला ऐकू जाईल इतपतच हळू. “एकोणीस वर्षं झाली. अजून लागत नाही.”

“दार सरळ आहे! तुमची भिंत वाकडी आहे!”

“भिंत माझ्या बापाने बांधली,” देल्फिना म्हणाली.

“मग बाप वाकडा असेल,” तानो म्हणाला आणि लगेच जीभ चावून त्याने काउंटरच्या आतल्या कडेवर एका ठिकाणी बोट टेकवलं. “माफ करा, डॉन सेवेरीनो.”

मी कॉफी घेऊन उठलो आणि काउंटरशी गेलो. तिथे कोणाची माफी मागतायत ते मला बघायचं होतं.

काउंटर लाकडी, त्यावर कथलाचा पत्रा. असे पत्रे शहरात आता फार उरले नाहीत. जे आहेत त्यांतले निम्मे नंतर बसवलेले. हा मूळचा होता. राखाडी, मऊ, ग्लासांच्या बुडांनी वर्तुळं उमटलेला, कोपरांनी खोल गेलेला. आणि कडेकडेने बारीक खळगे. खिळ्याने मारावेत तसे. काही काळे पडून पत्र्यात मिसळलेले, काही जरा उजळ.

“हे काय?”

“माणसं,” देल्फिना म्हणाली.

निकासिओने समजावून सांगितलं, तेही दुसऱ्या वेटरच्या गिऱ्हाइकाचं बिल वाचावं तसं. रोजचं गिऱ्हाईक वारलं की दुसऱ्या दिवशी, बार उघडायच्या आधी, वेटर त्याच्या कोपराच्या जागी पत्र्यावर खिळ्याचा एक ठोका मारतो. नाव नाही, तारीख नाही. एकच ठोका. डॉन सेवेरीनोने सुरू केलेली पद्धत. पहिले वेटर मेले, मग त्यांचेही ठोके निकासिओने मारले.

“नाव का नाही?”

“नावं लिहिली तर कातडीवाले लाजतील,” देल्फिना म्हणाली. “त्यांच्यातल्या निम्म्यांना लिहिता-वाचता कुठे येत होतं. पण आपला कोपर कुठे होता ते प्रत्येकाला माहीत.”

अर्थात मी मोजले. बाहेरच्या कडेला एकोणसत्तर. आतल्या कडेला, म्हणजे मालकांच्या बाजूला, दोन: बाप सेवेरीनो आणि भाऊ रामीरो. दोघांच्या शेजारी बोटभर पत्रा कोरा.

“आणि ही जागा?”

“ती माझी,” ती म्हणाली आणि त्याच फडक्याने ती जागा पुसून पुढच्या ग्लासाकडे वळली.

त्या दिवशी घरी येऊन मी वहीत पान उघडलं आणि थापांच्या रकान्यात शून्य लिहिलं. ते शून्य मी बराच वेळ बघत बसलो. अठरा वर्षांत पहिलं.

*

नियम असा, की मी एकदाच जायचं. मी तिसऱ्यांदा गेलो. दुसऱ्या वेळी समजलं की इमारतीचा मालक वारला, त्याच्या वारसांना ती विकायची आहे, आणि देल्फिनाला सप्टेंबरअखेर जागा सोडायची नोटीस आली आहे. ती बारच्या मागच्या खोलीत राहते, जन्मापासून. लानूसला एक भाची आहे, तिच्याकडे दिवाणखान्यात एक कॉट आहे.

“भाची चांगली आहे,” देल्फिना म्हणाली. “पण तिच्याकडे मरायचं म्हणजे टीव्हीसमोर मरायचं.”

“अर्ज केलाय ना तुम्ही पाटीसाठी?”

“निकासिओने केला. मी सही केली.” तिने माझ्याकडे सरळ बघितलं. “मिळाली तर मी इथेच राहीन. माझी खूण बापाशेजारी पडेल. मला बाकी काही नको, डॉन फेर्मीन. पितळ मी आयुष्यभर पुसलंय, त्याचं कौतुक नाही.”

तिसऱ्या वेळी मी सांगून टाकलं की मीच तो तपासणीवाला. माणसाने अठरा वर्षं तोंड बंद ठेवलं की ते एक दिवस भलत्या ठिकाणी उघडतं. तारीखही सांगितली: अठ्ठावीस ऑगस्ट, गुरुवार, सकाळी अकरा. देल्फिना मागे स्वयंपाकघरात होती. निकासिओने हात कोटाला पुसून माझा हात हातात घेतला. तानोने मला फेर्नेत पाजलं, ते औषधासारखं कडू मद्य, दुपारी चार वाजता.

आणि मग मी विनोद केला.

“बाकी सगळं ठीक आहे,” मी म्हणालो, “पण भिंतीवर एकही मेलेला गायक नाही! याला बार कोण म्हणेल? आणि हा पत्रा बघा. समितीतल्या बाईंचा कोट अडकून फाटला तर त्या पाटीऐवजी भरपाई मागतील.”

सगळे हसले. मी लोकांच्या हसण्याचीसुद्धा नोंद ठेवतो: निकासिओचं हसू खांद्यातलं, माझं नाकातलं. तानो जरा उशिरा हसला आणि लवकर थांबला. हे माझ्या डोळ्यांनी टिपलं होतं. वहीत उतरवायचं राहिलं. उतरवलं असतं तर कदाचित थांबलो असतो, म्हणालो असतो, अरे बाबा, थट्टा होती. या शहरात आपण एकमेकांना दिवसभर टोमणे मारतो आणि गृहीत धरतो की समोरच्याला थट्टा कळली. पण पाहुणा येणार म्हटलं की याच शहरातला माणूस फाटका सदरा लपवायला शेजाऱ्याचा कोट उसना आणतो. ही दोन्ही माणसं एकाच अंगात राहतात, हे मला माहीत असायला हवं होतं. माझं पोटच त्यावर चालतं.

*

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात देल्फिनाच्या छातीत कफ झाला. भाचीने लानूसला नेलं. ती आठ दिवस बारमध्ये नव्हती. हे मला नंतर कळलं.

अठ्ठावीस तारखेला आम्ही तिघं गेलो. मी, आर्किटेक्ट यामिला ग्रोसो आणि समितीतले एक वयस्कर गृहस्थ, जे दर बारमध्ये तीच खुर्ची शोधतात जी भिंतीला टेकलेली असेल. यामिला तिशीतली, पायात जाड बूट, आणि भिंतीवर हात ठेवून डोळे मिटायची सवय. मी तिला आधीच सांगून ठेवलं होतं: आज तुला असं काही दाखवतो की शिकवलेलं सगळं खरं वाटेल.

दार उघडलं आणि मला पहिल्यांदा वाटलं, आपण चुकून शेजारच्या दुकानात आलो.

भिंतीवर तो गायक होता. मोठा फोटो, सोनेरी चौकट, खाली शाईने सही: ‘ला तोर्कासातल्या मित्रांना, प्रेमाने’. शाई निळी बॉलपेनची. त्याच्याशेजारी नुकतीच रंगवलेली पानाफुलांची पाटी. खुर्च्या पिवळ्या व्हार्निशने चकचकीत, बसलं तर चिकटून राहू अशा. सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. आणि काउंटर. काउंटर आरशासारखा होता.

तानो त्याच्यामागे उभा होता, लग्नातला सूट घालून. निकासिओच्या कोटाच्या कोपरांना नवी ठिगळं होती. देल्फिना त्यांच्यामधे स्टुलावर बसलेली, खांद्यावर शाल. ती त्याच सकाळी लानूसहून आली होती. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही, आणि माझं काम चेहरे वाचायचं.

“आलात!” तानो म्हणाला. “या, या. कोट बिनधास्त टेकवा, बाई, फाटणार नाही!” आणि त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी काउंटरच्या कडेवरून बोट फिरवलं.

“पत्रा...” मी म्हणालो.

“नवा कोरा! पाच दिवस, पाच रात्री. ह्या हातांनी. जुना पार गेला होता, मास्तर, तुम्हीच म्हणालात. पण काळजी करू नका.” त्याने आवाज खाली आणला, गुपित सांगावं तसा. “माणसं सगळी आहेत. मोजून घेतली. कागदावर आधी माप काढलं, मग एकेक मारलं. निकासिओ खिळा धरायचा, मी ठोकायचो. एकही सुटला नाही. दोघं आतल्या बाजूला, आणि देल्फिनाची जागासुद्धा सोडलीय.”

खरंच, एकाहत्तर होते. आता एका ओळीत होते, सारख्या अंतरावर, कारण तानो सुतार होता आणि वाकडं काही त्याच्या हातून सुटत नसे, त्या दाराशिवाय. जुन्या पत्र्यावर कुठे तीन एकत्र होते, जिथे तिघं मित्र उभे राहायचे. कुठे हातभर काही नव्हतं, कारण तिथे हीटरची झळ यायची. आता शिस्तीत उभी राहिलेली पलटण.

यामिला वाकली. तिने डोळे मिटले नाहीत. एका खळग्यात नख घातलं, मग दुसऱ्यात, मग दहा सोडून पुढच्या एकात. प्रत्येकाच्या तळाशी कथील चांदीसारखं चमकत होतं.

“हे स्मारक आहे ना? फेर्मीननी लिहिलंय टिपणात.” ती सरळ झाली. तिचा आवाज मुळीच खोचक नव्हता, तेच जास्त वाईट. “हे सगळे एकाच दिवशी वारले का?”

वयस्कर गृहस्थांनी भिंतीला टेकलेली खुर्ची शोधली होती. ते उठायला गेले तेव्हा व्हार्निशने कर्र आवाज केला.

यामिला माझ्याकडे वळली. “टिपणात ‘मूळ पत्रा, बदल नाही’ असं आहे. हाच का तो? तुम्ही म्हणाल ते मी लिहीन. मी जुना बघितलेला नाही.”

हे तिने मला द्यायला नको होतं. मी तेवीस गायक पकडलेत, अकरा खुर्च्या, एक राष्ट्राध्यक्ष. माझ्या एका ‘हो’वर ती सही करणार होती. खळग्यांचा आकडा बरोबर होता, जागा तीच होती, माणसं तीच होती. ‘हो’ म्हणजे वहीतली माझी स्वतःची पहिली थाप. मला वाटतं मी ‘हो’ म्हणणार होतो. मला ते नक्की सांगता येत नाही. मी श्वास घेतला, इतकंच नक्की.

“नाही,” देल्फिना म्हणाली. “हा परवा मंगळवारी बसवला.”

“देल्फिना!” तानो.

“बाई विचारतायत, तानो.” ती यामिलाशी बोलत राहिली. “जुना वेगळा होता. हे ठोके ह्या माणसाने मारलेत. प्रेमाने मारलेत, पण ह्यात माझा बाप नाही.”

“पण मी माप घेऊन...” तानोचा आवाज फाटला. “डॉन सेवेरीनो इथेच होता, बघ, काठापासून बावीस सेंटिमीटर, मी स्वतः...”

“हो, तानो. जागा तीच आहे.”

“आणि तो फोटो?” यामिलाने विचारलं. आता ती फक्त फॉर्म भरत होती.

“तो माणूस इथे कधी आला नाही,” देल्फिना म्हणाली. “त्याला इथला वास सोसला नसता.”

निकासिओने तेवढ्यात कॉफी आणली. आम्हा तिघांना, न विचारता, प्रत्येकाला वेगळी. माझी लहान, थोडं दूध घालून. सोड्याचे ग्लास एकमेकांवर वाजत होते. तरी एक थेंब सांडला नाही. पन्नास वर्षांची सवय.

समितीने जो निर्णय घेतला तो नियमाप्रमाणे योग्य होता. माझी त्याबद्दल तक्रार नाही. ‘मूळ घटक शिल्लक नाहीत.’ ते वाक्य मीच टाइप केलं.

*

त्याच दुपारी मी आणि तानो पोम्पेयाला गेलो, जुना पत्रा नेलेल्या भंगारवाल्याकडे. तानो बसमध्ये उभाच राहिला, जागा होती तरी. लग्नातला सूट अंगावर तसाच.

“मी त्याला सांगितलं होतं, चार दिवस ठेव म्हणून,” तो सारखं म्हणत होता. “सांगितलं होतं.”

त्याने असं काहीच सांगितलं नव्हतं. पण मी टिपलं नाही.

भंगारवाला सभ्य होता. “तो मऊ पत्रा? तो कालच गेला वितळायला. शुद्ध होता हो, हल्ली मिळत नाही तसा. आता डाखाच्या काड्या होतील त्याच्या.” आमचे चेहरे बघून त्याला वाटलं आम्हाला समजलं नाही. “नळ जोडायला लावतात तो डाख. चांगलं कथील वाया जात नाही.”

परत येताना तानो पुलावर थांबला. खाली रियाच्युएलोचं काळं पाणी, तोच कातड्यांचा वास, कारखाने बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी.

“तुम्ही थट्टा केली होती ना त्या दिवशी?” त्याने विचारलं.

“हो.”

“मला वाटलंच होतं.” तो कठड्याला टेकला आणि म्हणाला, “पण मग वाटलं, साहेब माणूस आहे, सरळ सांगता येत नसेल, म्हणून आडून सांगतोय.”

तानो त्यानंतर ला तोर्कासात गेला नाही. शेवटच्या दिवशीसुद्धा नाही. देल्फिनाने दोनदा निरोप पाठवला. दुसऱ्या निरोपात तिने म्हटलं होतं, की संडासाचं दार अजून लागत नाही, ते कोण बघणार. तरी तो आला नाही.

शेवटचा दिवस तीस सप्टेंबर. मी गेलो, कारण न जाणं जास्त सोपं होतं. सहा गिऱ्हाइकं होती. पाच वाजता निकासिओने शटर अर्ध्यावर ओढलं आणि खिशातून तो खिळा काढला. चौकोनी डोक्याचा, जुना, टोक बोथट झालेला. दुसऱ्या हातात हातोडी.

“डोन्या देल्फिना,” तो म्हणाला. “आज करू का? उद्यापासून जागा राहणार नाही.”

मी बाहेरच्या बाजूला, ती आत. मधे तो आरसा, आणि त्यात तिची हनुवटी. तिने बोटभर कोरी जागा बघितली.

“मी मेलेली दिसते का तुला?”

“तसं नाही, पण...”

“जिवंत माणसाचा ठोका मारत नाहीत, निकासिओ. तू मारलायस का कधी कुणाचा?”

“नाही.”

“मग माझ्यासाठी कशाला सुरू करतोस?” तिने फडकं उचललं आणि काउंटर पुसायला घेतला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नवा पत्रा, ज्यावर पुसण्यासारखं काहीच नव्हतं. “ठेव तो खिशात. आणि डॉन फेर्मीनना विचार, दुसरी कॉफी घेणार का. आज ते अंतर दाखवायला विसरलेत.”

मी खरंच विसरलो होतो. माझे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.

*

इमारत पाडली. तिथे आता फार्मसी आहे, काचेच्या काउंटरची.

पुढच्या जूनमध्ये निकासिओचा फोन आला. देल्फिना लानूसला वारली, दुपारी तीन वाजता. मी विचारलं नाही, पण त्यानेच सांगितलं: टीव्ही चालू होता. भाचीने बंद केला नाही, तिला वाटलं आवाजाने सोबत होते.

दफन झाल्यावर त्याने विचारलं, कुठेतरी कॉफी घेऊ या का. जवळचा जुना बार बंद होता. कोपऱ्यावर ते नवं दुकान होतं, परदेशी नावाचं, हिरव्या खुर्च्या आणि कागदी कप. आम्ही बसलो. मी सवयीने अंगठा आणि तर्जनी वर केली. कुणी बघितलं नाही. शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “आजोबा, तिथे रांगेत उभं राहावं लागतं.”

“बसा तुम्ही,” निकासिओ मला म्हणाला, आणि रांगेत उभा राहिला. काळ्या सुटात, पाठ सरळ, एक हात मागे. पन्नास वर्षांत पहिल्यांदा कॉफी मागायला.

त्याच्या मोकळ्या खुर्चीवर त्याचा कोट होता, आणि वरच्या खिशातून खिळ्याचं चौकोनी डोकं दिसत होतं. तो सकाळपासून त्याने बरोबर ठेवला होता. त्याने आधी फार्मसीपाशी जाऊन पाहिलं होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. आत गेला नाही. काचेवर ठोका कसा मारणार.

काउंटरमागच्या पोरीने पेन काढून कप हातात घेतला. “नाव?”

निकासिओला कळलं नाही. “कुणाचं?”

“कपावर लिहायला, सर. तयार झाला की हाक मारते.”

रांगेतल्या मागच्या माणसाने पाय बदलला. मग निकासिओने नाव सांगितलं. मला ते ऐकू आलं नाही. तो परत येऊन बसला, कोट मांडीवर घेतला, आणि आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

“देल्फिना!” पोरगी ओरडली. संगीताच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून चांगली खणखणीत. दुकानातल्या दोन-तीन जणांनी माना वर केल्या. कुणी उठलं नाही. “देल्फिना! दोन कॉफी!”

निकासिओ उठला, सुटाची बटणं लावली आणि काउंटरकडे गेला.

पोरीने त्याच्या पांढऱ्या मिशांकडे बघितलं आणि हसली. “तुम्ही देल्फिना?”

“नाही,” तो म्हणाला. “तिला यायला जमलं नाही.”